कामी आलेली गाडी

मोडलेली वस्तू दुरुस्त करणे हा व्यवहारातला अगदी साधा प्रकार आहे, असे आपण समजून चालतो. छत्रीची काडी तुटली, बदलली. खुर्चीचा पाय गेला, सुताराने नवा बसवला. छत्री ती छत्री आणि खुर्ची ती खुर्ची. यात विचार करण्यासारखे काही असेल असे कोणाच्या मनातही येत नाही. परंतु काही मोडतोडी अशा असतात की त्यांना हात घालताच माणसापुढे भलतेच प्रश्न उभे राहतात. गेल्या वर्षी आमच्या नायगावात एका जीपगाडीच्या बाबतीत असे घडले. दिवाळीच्या दिवसांत, चकलीचा तुकडा मोडता मोडता, वाचकांनी भंगाराच्या गोष्टी का ऐकाव्यात असे कोणी विचारील. पण गोष्ट भंगाराची असली तरी प्रश्न घराघरातला आहे.

नायगाव हे नांदेडहून देगलूरकडे आणि तेथून पुढे हैदराबादकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे तालुक्याचे गाव. अशा रस्त्यावरच्या गावात दोन गोष्टींची ददात नसते. एक चहा आणि दुसरे गॅरेज. शाळा सुटल्यावर मी पुष्कळदा गॅरेजात जाऊन बसतो. कादंबऱ्या लिहिण्याचा ज्याला नाद आहे त्याला ही जागा फार सोयीची. तेथे माणसे गाडीविषयी बोलत असतात आणि बोलता बोलता स्वतःविषयी बरेच सांगून जातात.

जीप होती जवळच्या खेड्यातल्या एका शेतकरी गृहस्थांची. महिंद्राची एम. एम. ५४०, पूझो जातीचे डिझेल इंजिन, चारही चाकांना ओढ. त्यांच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, ती घेतली होती. आमच्याकडची काळी जमीन पावसाळ्यात कशी होते ते ज्याने पाहिले आहे त्यालाच अशा गाडीची किंमत कळेल. बैलसुद्धा जेथे पोटापर्यंत रुततात अशा वाटेने या गाडीने अडलेल्या बायका दवाखान्यात नेल्या, साप चावलेली माणसे नेली, परीक्षेच्या दिवशी पोरे नेली. आबा जाऊन बरीच वर्षे झाली. गाडी मात्र गावात "आबांची जीप" म्हणूनच ओळखली जाई. मग एका रात्री दिव्यावाचून येणारी उसाची ट्रॉली चुकवताना ती रस्ता सोडून बाभळीच्या खोडावर गेली. जीवितहानी झाली नाही. पण पुढचा उजवा भाग पार आत गेला. मडगार्ड, जाळी, रेडिएटर, स्टेअरिंग बॉक्स, पुढचा अॅक्सल, काही शिल्लक राहिले नाही.

मेस्त्रींनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि सांगितले, की सुटे भाग एकेक करून गोळा करीत बसलात तर वर्ष जाईल. त्यापेक्षा याच जातीची एक बंद पडलेली गाडी विकत घ्या. तशी गाडी मिळाली. कोणा शेतकऱ्याच्या गोठ्यामागे लिंबाखाली ती चार-पाच वर्षे उभी होती. इंजिन आतून धरून बसलेले, टपाच्या चिंध्या झालेल्या, मागच्या बाकाखाली कोंबडीने अंडी घातलेली. पण तिला कधी ठोकर लागलेली नव्हती. मेस्त्रींनी तिच्या बॉनेटवर थाप मारली आणि म्हणाले, "गुरुजी, ही कामी येईल."

हा शब्दप्रयोग मी जन्मभर ऐकत आलो आहे. पण त्या दिवशी तो मला अडखळवून गेला. 'कामी येणे' म्हणजे उपयोगी पडणे. आणि 'कामी येणे' म्हणजे लढाईत पडणे. बखरकार पडलेल्या वीरांची मोजदाद करताना ते मेले असे लिहीत नाहीत. कामास आले, असे लिहितात. उपयोगी पडणे आणि संपून जाणे या दोन गोष्टींना मराठीने एकच शब्द वापरावा, यात केवढा अनुभव साठलेला आहे! इंग्रजी सैन्यातही बिघडलेल्या गाडीचे भाग काढून दुसरीला लावतात; पण त्या कामाला त्यांनी नाव दिले आहे ते नरभक्षणाचे. आपल्याच जातीच्या प्राण्याला खाणे! दोन्ही भाषांनी पाहिले ते एकच दृश्य. एकीला खाणारा दिसला, दुसरीला पडलेला दिसला.

असे एकमेकींच्या कामी येणे हे जीपगाडीच्या जन्मातच लिहिलेले आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला या गाड्या इतक्या घाईने आणि इतक्या संख्येने हव्या होत्या की एका कारखान्याच्या आवाक्यातले ते काम नव्हते. तेव्हा विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी एकाच नमुन्यावर मिळून सहा लाखांहून अधिक गाड्या बांधल्या. आणि अट अशी होती की एकीचा भाग दुसरीला बिनबोभाट बसला पाहिजे. रणांगणावर दोन मोडक्यांतून एक धड उभी करता यावी, हा त्यामागचा हिशेब. तीच विलीजची जीप स्वातंत्र्यानंतर मुंबईत जोडली जाऊ लागली. जोडणाऱ्या कंपनीची कथाही मोठी गमतीची आहे. १९४५ साली ती 'महिंद्र अँड मोहम्मद' या नावाने निघाली. फाळणी झाली; भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तेथले पहिले अर्थमंत्री झाले आणि पुढे गव्हर्नर जनरलही. १९४८ साली कंपनीने नावातला तेवढा एक भाग बदलला आणि ती 'महिंद्र अँड महिंद्र' झाली. एम. अँड एम. ही अक्षरे होती तशीच राहिली. सुटा भाग बदलूनही सांगाडा तोच राखण्याचे याहून सफाईदार उदाहरण मेस्त्रींनासुद्धा दाखवता यायचे नाही.

आता मुख्य अडचणीकडे येतो. मेस्त्रींनी आबांच्या जीपचा पुढचा भाग सोडवला आणि चेसी उघडी केली. चेसी म्हणजे गाडीचा कणा. दोन लांब पोलादी तुळ्या आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या. ती डोळ्यांना ठीक दिसत होती. मेस्त्रींनी डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही. कमानपाटे जेथे अडकवतात त्या ठरावीक भोकांतून त्यांनी गवंड्याचा ओळंबा सोडला, जमिनीवर खडूने खुणा केल्या, गाडी बाजूला ढकलली आणि खुणांवरून तिरक्या दोऱ्या धरल्या. मी चाळीस-चाळीस पोरांना दरसाल शिकवीत आलो आहे की आयताचे दोन्ही कर्ण सारखे असतात. पण कर्ण सारखे नसले तर एखाद्याच्या घरात काय होते, हे मी त्या दिवशी पाहिले. एक दोरी दुसरीपेक्षा बोटभर लांब भरली. चेसी पिळली होती.

पिळलेली चेसी साखळ्या लावून ओढता येते, तापवून सरळही करता येते. पण तापवलेल्या पोलादाची ताकद पहिल्यासारखी राहत नाही, आणि ओढलेला कणा थोडा तरी मागे जाऊ पाहतो. अशी गाडी गावात चालेल. रस्त्याला लागली आणि वेग घेतला की एका बाजूला ओढेल, टायर तिरपे खाईल, आणि ऐन वेळी ब्रेक दाबला तर कोठे जाईल याचा भरवसा नाही. मेस्त्रींचा सल्ला सरळ होता. लिंबाखालच्या गाडीची चेसी निर्दोष आहे, ती घ्यावी. तिच्यावर आबांच्या गाडीचे इंजिन, गिअरबॉक्स, मागचा अॅक्सल, मागची बॉडी चढवावी.

ते गृहस्थ एवढा वेळ सगळ्याला मान हलवीत होते. येथे ते थांबले. कारण गाडीचा क्रमांक चेसीवर कोरलेला असतो आणि सरकारदरबारी गाडी म्हणजे तो क्रमांक. चेसी दुसरीची घेतली की कागदोपत्री उभी राहणार ती लिंबाखालची गाडी. आबांची जीप हीच तिच्यासाठी फोडलेली भंगाराची गाडी ठरणार! एका क्षणात दाता आणि घेता यांची अदलाबदल झाली. आपल्या गाडीच्या कामी यावी म्हणून ज्यांनी परकी गाडी विकत आणली, त्यांचीच गाडी तिच्या कामी यावयाची होती.

हा प्रश्न जुना आहे. आपल्याकडे मिलिंद राजाच्या कथेत तो रथाच्या रूपाने आला आहे. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातला हा ग्रीक राजा, मिनँडर. तो रथात बसून नागसेन भिक्षूकडे गेला. नागसेनाने विचारले, की राजा, दांडी म्हणजे रथ काय? आस म्हणजे रथ काय? चाके म्हणजे रथ काय? प्रत्येक प्रश्नाला राजाला नाही म्हणावे लागले. आणि शेवटी ठरले की रथ हे नुसते नाव आहे, भाग एकत्र आले म्हणजे व्यवहारापुरते ते चालते. याउलट आपले वैशेषिक म्हणतील की अवयवी हा अवयवांहून निराळा असतो. भाग जोडले म्हणजे खरोखरीच एक नवी वस्तू उपजते. ग्रीकांकडे हाच वाद थीसिअसच्या जहाजावरून झाला. अथेन्सच्या लोकांनी ते जहाज जपून ठेवले. फळी कुजली की नवी बसवली. शेवटी ते तेच जहाज का, यावर तत्त्वज्ञ भांडत, असे प्लुटार्कने लिहून ठेवले आहे. १६५५ साली हॉब्ज या इंग्रज पंडिताने त्यात आणखी एक काडी टाकली. समजा, काढून टाकलेल्या जुन्या फळ्या कोणी गोळा करून ठेवल्या आणि त्याच क्रमाने पुन्हा जोडल्या. मग दोन जहाजांपैकी थीसिअसचे कोणते?

ही मंडळी मोठी. पण मला त्यांच्या वादात एक उणीव जाणवते. त्या वादातल्या जहाजात कोणी बसावयाचे नव्हते.  नागसेनाच्या रथातून राजा आला खरा, पण वाद चालू झाल्यावर त्यालाही कोठे जावयाचे नव्हते. आमच्या जीपमध्ये मात्र माणसे बसणार होती, समोरून दुसरी माणसे येणार होती, आणि म्हणून "ती हीच का?" या प्रश्नाला कोणीतरी जबाबदारीने उत्तर देणे भाग होते.

गॅरेजात फुकटचा सल्ला देणारे एक जाणते गृहस्थ असतातच. त्यांनी तिसरी वाट काढली. निर्दोष चेसी घ्या. तिच्यावरचा क्रमांक घासून काढा आणि आबांच्या गाडीचा ठोकून टाका. कोणाच्या बापाला कळत नाही! कायद्याने तो गुन्हा आहे, ही गोष्ट तर उघडच. पण कायद्याचे नाव काढून प्रश्न मिटवणे मला सोपे वाटते. म्हणून त्या सल्ल्याची बाजू मी होईल तितकी मजबूत करून पाहिली. दोन्ही गाड्या एकाच माणसाच्या. दोन्हींचे पैसे चोख दिलेले. चेसी चांगली असल्याने प्रवाशांना धोका नाही. मग चार आकडे इकडचे तिकडे झाल्याने कोणाचे काय बिघडले? उलट एका मुलाला आपल्या बापाची आठवण जपता आली. खोटे बोलण्याने कोणाचेच नुकसान होत नसेल आणि एकाचे मन राहत असेल, तर ते खोटे वाईट का म्हणावयाचे?

मेस्त्रींनी साफ नकार दिला. कारण विचारले तेव्हा त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. "गुरुजी, चोरीची गाडी सापडती कशावरून? नंबरावरून. आज मी यांचा नंबर ठोकला, उद्या दुसरा कुणी येईल, त्याला काय सांगू? आन् मग कुण्या गरिबाची गाडी चोरीला गेली तर ती त्याला कधी घावायची?"

मी लिहिणारा माणूस. पण मला जे चार पानांत जमले नसते ते त्यांनी चार वाक्यांत सांगितले. गाडीवरचा आकडा ही साक्ष आहे, आणि साक्ष ज्याने दिली त्याच्यापेक्षा ज्याने ती ऐकावयाची त्याच्या मालकीची असते. ऐकणारा कोण असेल ते आपल्याला ठाऊक नाही. तो नांदेडच्या नाक्यावरचा शिपाई असेल, दहा वर्षांनी ती गाडी विकत घेणारा असेल, किंवा ज्याची गाडी कोणी पळवली आहे असा अनोळखी माणूस असेल. एकेक आकडा खरा असतो म्हणूनच सगळ्या आकड्यांवर भरवसा बसतो. तो भरवसा सार्वजनिक विहिरीसारखा आहे. आपल्या ओंजळीपुरता तो गढूळ करता येत नाही.

आणखी एक गोष्ट माझ्या मनात आली. ती बोलून दाखवण्याची वेळ नव्हती, म्हणून येथे लिहितो. आकडा बदलण्याच्या त्या इच्छेत गाडीवरचे प्रेम होते यात शंका नाही. पण अपघात झालाच नाही असे करून दाखवण्याची धडपडही तीत होती. बाभळीवर गाडी गेली, कणा पिळला, ही गोष्ट घडलेली आहे. शिवाय लिंबाखालच्या त्या गाडीचे काय? तिची हाडे घ्यावयाची आणि वर तिचे नावही पुसावयाचे? दधीची ऋषींच्या अस्थींचे इंद्राने वज्र केले. वज्र इंद्राचेच म्हणवले गेले हे खरे. पण ते कोणाच्या हाडांचे आहे हे सांगितल्याशिवाय आपल्या पुराणिकांनी ती कथा कधी पुरी केली नाही.

तरीही मुलाचे दुःख खोटे नव्हते, आणि नाव जपण्याची ओढही वेडगळ नव्हती. आमच्या मराठवाड्याला ही ओढ चांगली ठाऊक आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर-धाराशिवकडची गावेच्या गावे दगडमातीखाली गेली, हजारो माणसे गेली. पुढे पन्नासावर गावे नव्या जागी वसवली. माळवदाची जाड भिंतींची घरे गेली, आखलेल्या रस्त्यांवर नवी घरे आली. ढिगाऱ्यातून निघालेले सागवान, दारे, चौकटी लोकांनी टाकून दिल्या नाहीत. जमेल तेथे नव्या घरात बसवल्या. जागा बदलली, भिंती बदलल्या, शेजार बदलला. गावाचे नाव तेच राहिले. त्याला कोणी खोटे म्हणत नाही. का म्हणत नाही, याचा मी विचार केला तेव्हा लक्षात आले की तेथली माणसे बोलताना जुने किल्लारी आणि नवे किल्लारी असा भेद करतात. त्या एका विशेषणात भूकंपाची कबुली आहे. नाव पुढे नेले, पण घडलेले झाकले नाही.

मग नाव नेता येते तर क्रमांक का नेता येऊ नये? याचे उत्तर मला कोणत्याच पुस्तकात मिळाले नाही. ते मिळाले त्या गृहस्थांच्या आईकडून. दोन-तीन दिवस मुलगा जेवणावर रागावल्यासारखा वागत होता, म्हातारीने चौकशी केली, सगळे ऐकून घेतले आणि मग म्हणाली (हे त्यांनीच मला सांगितले), "लेकरा, गाडी त्यांची व्हती. नंबर कुठं त्यांचा व्हता? त्यो तर सरकारनं दिलता. आबाची जीप म्हनायला तुला कुनी अडिवलंय का?"

क्रमांक परक्यांसाठी असतो. नाव आपल्या माणसांसाठी. किती साधा भेद, आणि नागसेनापासून हॉब्जपर्यंत जे धुंडाळले त्यात तो मला सापडला नव्हता! ती वस्तू आपल्याला काय आहे हे ठरवण्याचा अधिकार आपला आहे. त्या नावाला कोणी पुरावा मागत नाही. पण ती जगाच्या रस्त्यावर उतरली की तिने जगाला आपली खरी ओळख दिली पाहिजे, आणि ती ओळख आपल्या प्रेमाच्या सोयीने फिरवता येत नाही. आपल्या घरांतली निम्मी भांडणे, वाटण्यांची म्हणा, दत्तकाची म्हणा, या दोन ओळखींची गल्लत केल्यानेच होत असतात, असे मला हल्ली वाटू लागले आहे. पण तो विषय निराळा आणि लांबलचक.

काम सुरू झाले. ते संपायला दिवाळी उलटून गेली. लिंबाखालच्या गाडीची बॉडी उतरवली, इंजिन काढले. चेसी खरवडून धुतली; पुन्हा ओळंबा, पुन्हा खडू, पुन्हा दोऱ्या, आणि या खेपेस कर्ण जुळले. जुने बुश काढून नवे घातले, कमानपाटे सुटे करून ग्रीस भरले. मग आबांच्या गाडीचे इंजिन साखळी-पुलीवर टांगून हळूहळू आत सोडले. दोन्ही गाड्या एकाच साच्यातल्या. तरी तीस वर्षांत प्रत्येकीने आपापले अंग थोडे बदललेले. एक भोक दीड सुताने पुढे, एक कान थोडा वाकलेला. शेवटचा बोल्ट आत जाईना तेव्हा पोऱ्याने हातोडी उचलली. मेस्त्रींनी ती काढून घेतली आणि पहारीने इंजिन केसभर उचलून बोल्ट बोटाने आत ढकलला. मागचा बाक आबांच्याच गाडीचा बसवला. स्टेअरिंगचे चाकही तेच. त्याच्यावर एके जागी झिजून गुळगुळीत झालेली खोलगट जागा आहे.

कागदपत्रांचे काम गाडीच्या कामाहून कंटाळवाणे, म्हणून थोडक्यात आटोपतो. लिंबाखालच्या गाडीची नोंदणी नव्या मालकाच्या नावावर करून घेतली, मुदत वाढवून घेतली, इंजिन बदलल्याची नोंद करवली. आबांच्या गाडीबद्दल मात्र वेगळा अर्ज करावयाचा होता. गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली तर मालकाने चौदा दिवसांत, किंवा होईल तितक्या लवकर, ते परिवहन कार्यालयाला कळवावे, असे १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे ५५वे कलम सांगते. तो अर्ज मला लिहावयास सांगितला. खेड्यात शाळामास्तराचा हा ठरलेलाच उद्योग. "सदरहू वाहन निकामी झाले असून" एवढे लिहून झाल्यावर ते म्हणाले, "गुरुजी, निकामी नका लिहू." मी म्हणालो, छापील शब्द तोच आहे, दुसरा चालणार नाही. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि त्यांनी सही केली.

अर्जासोबत चेसीवरचा क्रमांकाचा तुकडा कापून द्यावयाचा होता. मेस्त्रींनी गॅसने तो कापला. वीतभर लांबीची पोलादी पट्टी, वर आबांच्या गाडीचे आकडे. थंड झाल्यावर तिच्या चारी कडा त्यांनी कानस घेऊन घासल्या, हाताने चाचपून पाहिल्या, एक कोपरा पुन्हा घासला. नंतर स्वच्छ फडक्यात गुंडाळून ती पट्टी त्यांनी त्या गृहस्थांच्या हातात दिली.